२९ अंशांचा हात

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जळगावातल्या एका अ‍ॅक्युपंक्चर दवाखान्यात टेबलावर दोन रिपोर्ट शेजारी शेजारी मांडलेले होते. दोन्ही एकाच बाईच्या उजव्या हाताचे, नर्व्ह कंडक्शन तपासणीचे. जानेवारीत मनगटाकडून तर्जनीपर्यंत संवेदनेचा संदेश पोचायला ४.७ मिलिसेकंद लागत होते, एप्रिलमध्ये ३.८. मधल्या दोन महिन्यांत १३ बैठका झाल्या होत्या. मावशींचा हात रात्री बधिर होणं जवळजवळ थांबलं होतं. सुईने मज्जातंतू सुधारला, तोही मशीनने मोजून, असं म्हणायला यापेक्षा सोयीचा कागद मिळत नाही. चिकित्सकांनी शहरातल्या डॉक्टरांना पाठवायचं पत्र तयारही केलं होतं. ते गेलं नाही. का गेलं नाही, हा या प्रकरणाचा गाभा.

आधी एक खुलासा. मावशी, चिकित्सक, न्यूरोफिजिशियन आणि हाताचे आकडे हे सगळं नमुन्यादाखल उभं केलं आहे, कुणा एका व्यक्तीची ही फाईल नव्हे. संशोधनाचे आकडे मात्र प्रसिद्ध आहेत तसेच दिले आहेत.

हात कुणाचा, काम कोणतं

मावशी अमळनेर तालुक्यातल्या, वय ५२. लग्न, वास्तुशांत, आखाजीला (अक्षय तृतीयेला) ऑर्डरीने मांडे करून देणं हा त्यांचा धंदा. खापरावरचा मांडा ज्यांनी फक्त ताटात घडी घातलेला पाहिला आहे, त्यांना त्यातलं मनगटाचं काम कळत नाही. कणीक अगदी सैल होईपर्यंत तिंबायची. पुरण भरलेला गोळा थापून घ्यायचा आणि मग पोळपाट-लाटणं बाजूला ठेवून तो हातांवरच वाढवायचा. या हातावरून त्या हातावर झेलत, फिरवत, पोळी कोपरापर्यंत पसरते. त्या वेळी मनगट मागे वळलेलं असतं, बोटं ताठ असतात, वर ओल्या कणकेचं वजन असतं. पोळी फाटू नये म्हणून हात क्षणभरही सैल सोडता येत नाही. मग पालथ्या खापरावर ती अलगद टाकायची, चुलीच्या धगीत. लग्नाच्या एका ऑर्डरीला दीड-दोनशे मांडे होतात.

मनगटाच्या तळाशी हाडांची पन्हळ आणि तिच्यावर जाड बंधाचं झाकण, असा तो बोगदा, इंग्रजीत कार्पल टनेल. त्यात नस दबून होणाऱ्या दुखण्यालाही तेच नाव. त्यातून बोटं वळवणारे नऊ स्नायुबंध आणि त्यांच्यासोबत मीडियन नर्व्ह ही नस जाते. १९८१ मध्ये गेल्बरमन आणि सहकाऱ्यांनी या बोगद्यात बारीक नळी घालून दाब मोजला. निरोगी हातात मनगट सरळ असताना सरासरी २.५ मिलिमीटर पारा, कार्पल टनेल झालेल्या हातात ३२. असं आजारी मनगट आत वाकवलं की ९४, मागे वळवलं की ११०. मांडा झेलताना मनगट नेमकं मागे वळलेलं असतं.

मावशींनी पहिल्याच दिवशी निदान अहिराणीत सांगून टाकलं होतं: "रातले हात मरी जास, मंग झटकीझटकी जित्ता करना पडस." हात झटकून बरं वाटणं ही या दुखण्याची इतकी ठळक खूण आहे की तपासणीच्या कागदावर तिला वेगळी चौकट असावी. कुठे बधिर होतं ते कागदावरच्या पंजाच्या चित्रात त्यांच्याकडूनच रंगवून घेतलं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू. करंगळी कोरी, तळहातही कोरा. तळहाताची संवेदना नेणारी फांदी बोगद्यात शिरायच्या आधीच फुटते आणि झाकणाच्या वरून जाते, म्हणून तळवा वाचतो. रुग्णाने तळहात आणि करंगळीसकट सगळा पंजा रंगवला, तर मान, साखर किंवा दुसरं काही शोधायचं.

मनगटं आत वाकवून धरायला सांगितल्यावर उजव्या हाताला २५व्या सेकंदाला मुंग्या आल्या. ही चाचणी ६० सेकंदांची असते. मान मागे नेऊन दाबल्यावर हातात कळ गेली नाही, म्हणजे मानेतून निघणाऱ्या नसेवरचा संशय कमी झाला. अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा भरलेला होता, अंगठा वर उचलायची ताकद पूर्ण होती. थायरॉइड आणि साखर तपासून घेतली, दोन्ही ठीक. बोस्टन प्रश्नावलीतले लक्षणांचे ११ प्रश्न मराठीत वाचून दाखवून गुण काढले. १ म्हणजे त्रास नाही, ५ म्हणजे पराकोटीचा. मावशींचे ३.३ आले.

हे सगळं सुईचं पाकीट फोडण्याआधी. उंचवटा बसलेला असता, अंगठ्याची ताकद कमी असती किंवा बधिरपणा दिवसरात्र कायम असता, तर त्यांना सुई न लावता हाताच्या सर्जनकडे पाठवायचं होतं. दाबाखाली वाळत चाललेल्या स्नायूला वाट बघायला लावणं ही या व्यवसायातली सगळ्यात महागडी चूक आहे, आणि ती बहुधा चांगल्या हेतूने होते.

नोंदवहीचे दोन रकाने

चिकित्सकांचं मूळ शिक्षण फिजिओथेरपीचं. नंतर अ‍ॅक्युपंक्चरचं प्रशिक्षण आणि महाराष्ट्र अ‍ॅक्युपंक्चर चिकित्सा पद्धती अधिनियम, २०१५ खाली नोंदणी. त्यांच्या नोंदवहीत प्रत्येक रुग्णाला दोन रकाने असतात. डावीकडे चिनी पद्धतीची नोंद: जीभ फिकट, नाडी बारीक, 'बी' म्हणजे अडथळ्याचा विकार, पेरिकार्डियमच्या (हृदयावरणाच्या) वाहिनीवर, म्हणजे त्या पद्धतीने शरीरात मानलेल्या वाटांपैकी एकीवर. उजवीकडे मज्जासंस्थेची: उजवी मीडियन नर्व्ह, मनगटाशी दाब, संवेदी तंतूंवर जास्त परिणाम, स्नायू शाबूत.

हे दोन रकाने कुठे जुळतात आणि कुठे नाहीत, हे माहीत असणं हेच या कामातलं खरं शिक्षण. पेरिकार्डियमची वाहिनी कोपरापासून मनगटापर्यंत दोन कंडरांच्या मधून उतरते आणि मधल्या बोटाच्या टोकाशी संपते. मीडियन नर्व्हचा रस्ता जवळजवळ तोच. मनगटाच्या घडीवरचा पीसी-७ हा बिंदू (अक्षरं वाहिनीची, आकडा तिच्यावरच्या बिंदूचा), म्हणजे दा-लिंग, थेट बोगद्यावर बसतो. घडीपासून दोन त्सुन वरचा पीसी-६, नेइ-ग्वान, याच्या खालीही तीच नस. (त्सुन रुग्णाच्याच अंगाने मोजायचा: मनगटाची घडी ते कोपराची घडी १२ त्सुन.) इथे जुळतंय म्हणून सगळीकडे जुळेल असं धरलं की घोटाळा होतो. जठराची वाहिनी चेहऱ्यापासून पायाच्या बोटापर्यंत जाते, अशी एकही नस शरीरात नाही. वाहिनी म्हणजे नसच, असं शिबिरांत सर्रास सांगितलं जातं. ते ऐकून मज्जाविकाराचा डॉक्टर उठून गेला तर त्याला दोष देता येणार नाही.

चिकित्सकांचा नियम असा: सुई लावायची की नाही हे उजवा रकाना ठरवतो, कुठे लावायची याला डाव्या रकान्याचा सल्ला चालतो. डाव्या रकान्याने उजव्याचा नकार फिरवायचा नाही.

कशाच्या आधारावर

सुईने दुखणं कमी होण्यामागे शरीरातलंच काहीतरी आहे, याचा पहिला धड पुरावा १९७६-७७ चा. अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम रोखणारं नॅलॉक्सोन दिलं की सुईने आलेला वेदनाशमनाचा परिणाम ओसरतो, हे पोमेरान्झ यांनी उंदरांत आणि मेयर व सहकाऱ्यांनी माणसांत दाखवलं. पुढे पेकिंगमध्ये हान जीशेंग यांनी सुईला जोडलेल्या विजेची वारंवारता बदलून पाहिली. २ हर्ट्झला एन्केफलिन आणि एंडॉर्फिनच्या गटातली द्रव्यं सुटतात, १०० हर्ट्झला डायनॉर्फिन, सगळी शरीराने स्वतः बनवलेली अफूसारखी द्रव्यं. मशीनवरचं बटण कुठे ठेवायचं याला त्यामुळे काहीएक कारण मिळालं.

२०२१ मध्ये नेचरमध्ये आलेलं मा छ्यूफू यांच्या गटाचं काम हल्ली फार उद्धृत होतं. उंदराच्या मागच्या पायावर एसटी-३६ या जठराच्या वाहिनीवरच्या बिंदूला ०.५ मिलिअँपिअरचा सौम्य प्रवाह दिला की व्हेगस नस (मेंदूपासून पोटापर्यंत उतरणारी) आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथीमार्गे दाह उतरतो. पोटावरच्या एसटी-२५ ला तेवढ्याच प्रवाहाने उतरत नाही, कारण त्या कामाचे विशिष्ट संवेदी तंतू पायाच्या खोल ऊतींत आहेत, पोटाच्या भिंतीत नाहीत. जागा महत्त्वाची असते याला हा सुंदर आधार आहे. पण तो उंदीर आहे, आणि ते दुखणं दाहाचं आहे. मावशींच्या मनगटाशी त्याचा संबंध जोडायचा नाही.

संबंध आहे तो २०१७ मध्ये ब्रेन या नियतकालिकात आलेल्या माएदा, नापाडो आणि सहकाऱ्यांच्या चाचणीचा. कार्पल टनेलचे ८० रुग्ण, आठ आठवड्यांत १६ बैठका, तीन गट: मनगटाशी खऱ्या सुया व वीज, विरुद्ध बाजूच्या घोट्याशी खऱ्या सुया व वीज, आणि त्वचेत न शिरणाऱ्या खोट्या सुया. लक्षणं तिन्ही गटांत कमी झाली. खऱ्या सुयांच्या गटांत मात्र मीडियन नर्व्हचा वेगही सुधारला. मेंदूच्या संवेदनपट्टीत तर्जनी आणि मधल्या बोटाच्या जागा एकमेकींवर सरकलेल्या असतात, त्या पुन्हा दूर झाल्या. ज्यांच्यात हे जास्त झालं त्यांचा आराम तीन महिन्यांनीही टिकला. जळगावात बसून हे एफएमआरआय, म्हणजे मेंदूचं काम दाखवणारं स्कॅन, कुणी करणार नाही. त्यामुळे मावशींच्या मेंदूत काय झालं याबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही, ही शिस्त. लिहायचं ते मोजता येण्याजोगं: प्रश्नावली, रात्रीची जाग, नसेचा वेग.

खोट्या सुयांच्या गटातही लक्षणं उतरली, हे वाक्य पुढे महागात पडणार होतं.

बैठका

आठवड्याला दोन, आठ आठवडे, अशा १६ ठरल्या. झाल्या १३. तीन लग्नांत गेल्या. अमळनेरहून सकाळची गाडी, परतीला दुपारची. एका बैठकीपायी मावशींचा अर्धा दिवस जाई. बैठकीची फी ४००. एका वेळच्या सुया तीस-चाळीस रुपयांत होतात. महाग आहे तो वेळ, दोन्ही बाजूंचा. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी पहिल्या दिवसापासून दिली. ती न देता फक्त सुईचा गुण पाहायचा, असं एखाद्या संशोधकाला वाटेल, पण ज्याचा उपयोग माहीत आहे ते रुग्णापासून राखून ठेवणं दवाखान्यात बसत नाही.

सुया ०.२५ मिलिमीटर जाडीच्या, २५ मिलिमीटर लांबीच्या, एकदाच वापरायच्या. त्वचा ७० टक्के अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यायची. ओल्या अल्कोहोलवर सुई टोचली की चुणचुणतं आणि रुग्ण त्यालाच परिणाम समजतो. उजव्या हाताला पीसी-७ आणि मनगटाच्या मागच्या बाजूचा टीई-५ ही विजेची जोडी, शिवाय एलआय-४ आणि कोपराच्या घडीतला पीसी-३ नुसत्या सुईने. डाव्या घोट्याजवळ एसपी-६ आणि एलआर-४. वीज २ हर्ट्झ, बोट किंचित फडफडेल पण दुखणार नाही इतकी, २० मिनिटं. मशीन बॅटरीवरचं. अंगाला तारा जोडलेल्या असताना ते भिंतीतल्या प्लगवर ठेवत नाहीत. वीज जाते-येते तेव्हा झटका बसायची भीती त्यामुळे राहत नाही. पेसमेकरवाल्याला वीज नाही, गरोदर बाईला एलआय-४ आणि एसपी-६ नाही.

पहिल्याच बैठकीत मावशींना घेरी आली. सोमवारचा उपास, सकाळपासून पोटात फक्त चहा, आणि खुर्चीत बसवून सुया लावलेल्या. चेहरा पांढरा, कपाळावर घाम. सुया लगेच काढल्या, आडवं करून पाय उशीवर घेतले, पाच मिनिटांत रंग परतला. दोष एकट्या उपासाचा नव्हता, खुर्चीचाही होता. पहिली बैठक नेहमी आडवं झोपवूनच, आणि आधी दोन घास खाल्लेत का हे विचारून. हे पुस्तकात पहिल्या पानावर असतं, तरी गर्दीच्या दिवशी निसटतं.

दुसरी चूक जास्त शिकवणारी. तिसऱ्या बैठकीत पीसी-७ ला सुई थोडी खोल गेली आणि मावशी दचकल्या: "करंट लागना!" झटका थेट मधल्या बोटात गेला. जुन्या पद्धतीच्या शिकवणीत संवेदना वाहिनीतून धावली की गुरुजी खूश होतात, 'छी', म्हणजे चिनी पद्धतीतली प्राणशक्ती, आली म्हणतात. इथे ती छी नव्हती. आधीच दबलेल्या नसेला सुईचं टोक भिडलं होतं. सुई दोन-तीन मिलिमीटर मागे घेतली, दिशा बदलली, त्या दिवशी त्या जोडीला वीज दिली नाही. त्यानंतर पीसी-७ ला खोली ५ ते ८ मिलिमीटर, तिरकी, आणि दर वेळी एकच प्रश्न: जड लागतंय की करंट? "जड लागस" म्हटलं की थांबायचं, तेवढंच हवं असतं. जड, ठणकल्यासारखं, फाकल्यासारखं ही खोल ऊतींतल्या तंतूंची भाषा. करंट ही नसेची तक्रार. दोन्ही शास्त्रांचा मेळ कुठे बसतो असं कुणी विचारलं, तर परिसंवादात सांगण्यापेक्षा या एका प्रश्नात तो चांगला दाखवता येतो.

आठव्या बैठकीनंतर मावशी आठवड्यात एक-दोनदाच जाग्या होऊ लागल्या. आधी सहा रात्री होत्या. मार्चअखेर बोस्टनचे गुण १.९.

दोन कागद

आता एप्रिलचे ते रिपोर्ट. संवेदी वेळ ४.७ वरून ३.८. अंगठ्याच्या स्नायूपर्यंत हालचालीचा संदेश पोचायची वेळ ५.१ वरून ४.३. पत्राचा मसुदा तयार होता. तो पाठवण्याआधी तपासणी करणाऱ्या न्यूरोफिजिशियनांना फोन केला, आभार मानायला म्हणून. त्यांनी एकच विचारलं, "हाताचं तापमान किती होतं ते बघितलंत का, मॅडम?"

जानेवारीच्या कागदाच्या कोपऱ्यात तंत्रज्ञाने पेनाने लिहिलेलं होतं, २९. एप्रिलच्या कागदावर ३४. जानेवारीत मावशी पहाटेच्या थंडीत गाडीने आल्या आणि गार हातांनी थेट टेबलावर. एप्रिलमध्ये बाहेर ४३ अंश, रिक्षातून उतरलेला तापलेला हात. नस थंड असली की संदेश सावकाश जातो. मनगटाच्या पातळीवर हाताचं तापमान एका अंशाने उतरलं की वेळ सुमारे ०.२ मिलिसेकंद वाढते. पाच अंशांचा फरक म्हणजे सुमारे एक मिलिसेकंद. सुधारणा किती होती? ०.९.

खरा पंचनामा त्याच कागदावर दोन ओळी खाली होता. करंगळीची अल्नर नर्व्ह या बोगद्यातून जातच नाही, तिला आजार नव्हता. तिची वेळ जानेवारीत ३.७ होती, एप्रिलमध्ये २.९. निरोगी नसही ०.८ ने 'सुधारली' होती. दोन नसांमध्ये उरलेला फरक ०.१, म्हणजे मोजमापाच्या चुकीत बुडणारा.

याच कारणासाठी अनामिकेची चाचणी करतात. या एका बोटाला दोन्ही नसा पोचतात. १४ सेंटिमीटरवरून दोघींना संदेश पाठवायला लावायचा आणि वेळांतला फरक घ्यायचा. हात गार असो की गरम, दोघी जवळपास सारख्याच मंदावतात किंवा वेगावतात, फरक जागेवर राहतो. ०.४ च्या वर गेला की बोगद्यात अडचण. मावशींचा फरक जानेवारीत १.० आणि एप्रिलमध्ये ०.९. नस जिथे होती जवळपास तिथेच होती.

मग आराम कसला? आराम खरा होता, तो कुणी नाकारत नाही. रात्रीची पट्टी, थोडी कमी झालेली कामं, दुखणं जास्त असताना दवाखान्यात यायची माणसाची रीत (जी आपसूकच पुढच्या महिन्यात बरं दाखवते), कुणीतरी अर्धा तास हात हातात घेऊन बसणं, आणि सुयाही. २०१७ च्या चाचणीत खोट्या सुयांनीही लक्षणं उतरली होती, ते इथेच आठवायचं. यातला वाटा कुणाचा किती हे एका रुग्णात काढता येत नाही, आणि काढल्याचं भासवूही नये. जे काढता आलं ते एवढंच: नसेच्या वेगावर सुईने परिणाम केला, असा दावा या कागदांवरून करता येत नाही.

डॉक्टरांना गेलं ते पत्र सहा ओळींचं. रुग्णाचं वय आणि काम, सुरुवातीचे आणि नंतरचे बोस्टन गुण, किती बैठका ठरल्या, किती झाल्या, सुया, वीज आणि सोबतची पट्टी, दोन्ही रिपोर्ट, तापमानासकट, आणि सहावी ओळ: "लक्षणांत सुधारणा, वहनात खात्रीलायक बदल नाही, धंदा चालू असल्याने पुन्हा दाब वाढण्याची शक्यता, जूनमध्ये फेरतपासणी." सुयांच्या नोंदीची घडण स्ट्रिक्टा या यादीतून उचललेली आहे. अ‍ॅक्युपंक्चरच्या चाचण्या कशा लिहायच्या यासाठी ती यादी २००१ मध्ये आली आणि २०१० मध्ये सुधारली. एका रुग्णाच्या कागदालाही ती उत्तम लागू पडते: कुठे, किती खोल, कोणती संवेदना आली, किती वेळ, सोबत दुसरं काय चालू होतं.

धंदा म्हणून

१९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते हे मराठी वाचकाला माहीत असतं. त्याच पथकातले विजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले आणि १९५९ मध्ये त्यांनी ते कोलकात्यात सुरू केलं, हे कमी जणांना. तेव्हापासून इथल्या अ‍ॅक्युपंक्चरिस्टची अडचण फारशी बदललेली नाही. रुग्ण तोंडी प्रसिद्धीवर येतात, डॉक्टर पाठवत नाहीत. चिकित्सकांच्या पहिल्या तीन वर्षांत एकाही न्यूरोफिजिशियनची चिठ्ठी आली नव्हती. त्या काळात दारावरच्या पाटीवर आजारांची लांब यादी होती, लकव्यापासून वंध्यत्वापर्यंत. ती उतरवली तेव्हा दोन महिने रुग्ण घटले. आता पाटीवर नाव, नोंदणी क्रमांक आणि वेळ एवढंच आहे.

सहा ओळींच्या त्या पत्रानंतर मे महिन्यात पहिल्या दोन चिठ्ठ्या आल्या. एक अर्धशिशीची. दुसरी कार्पल टनेलची, तिला अंगठ्याचा उंचवटा बसलेला दिसला म्हणून सुई न लावता त्याच दिवशी परत पाठवली. फी घेतली नाही. हिशेबाने हा तोट्याचा व्यवहार आहे आणि पाठवणाऱ्या डॉक्टरने नेमका तो लक्षात ठेवला.

या वाटेने जायचं असेल त्याला मेंदूच्या रंगीत चित्रांपेक्षा दोन गोष्टी आधी लागतात: हातपायांच्या नसांची शरीररचना डोळे मिटून सांगता येणं, आणि नर्व्ह कंडक्शनचा कागद स्वतः वाचता येणं. दुसरी गोष्ट शिकायला चिकित्सक दर शनिवारी दोन तास तपासणीच्या खोलीत बसतात. पुढे मोजून अभ्यास करायचा झाला तर नीतिसमितीची मंजुरी आणि पहिला रुग्ण घेण्याआधी भारतीय चिकित्सा चाचणी नोंदणीत नोंद, हे दोन्ही करावं लागेल. दवाखान्यातल्या जुन्या वह्यांमधून नंतर जुळवलेलं काम त्या जागी चालत नाही.

आखाजीनंतर

आखाजीला मावशींनी नऊ दिवसांत सात ऑर्डरी उतरवल्या. पट्टी घालायचं राहून गेलं, कारण रात्री दोनला हात धुवून झोपणाऱ्या माणसाला पट्टी आठवत नाही. जूनमध्ये त्या आल्या तेव्हा रात्री पुन्हा जाग, बोस्टनचे गुण २.८. या वेळी तपासणीआधी हात कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून, पुसून, तापमान ३३ आल्यावरच सुरुवात केली. अनामिकेतला फरक १.२. उजवा अंगठा तळहातापासून वर उचलून धरायला सांगितला आणि त्यावर बोटाने दाब दिला, तर तो खाली गेला. डावा गेला नाही.

पुन्हा १६ बैठका लिहून देणं सोपं होतं. मावशींनीही तेच मागितलं. मागच्या वेळी गुण आला होता, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. पण उजव्या रकान्यात ताकद कमी झाल्याची नोंद पडली होती. त्यांना सर्जनकडे पाठवलं. डाव्या हाताचा त्रास सौम्य, ताकद पूर्ण. त्या हाताला पट्टी आणि आठवड्याला एक बैठक चालू ठेवली.

उजव्या हाताची शस्त्रक्रिया जुलैत झाली, फक्त हात बधिर करून. टाके बाराव्या दिवशी निघाले. तळहाताच्या बुडाशी दाबलं की दुखणं काही आठवडे राहील हे आधीच सांगितलेलं होतं, तरी मावशींना ते शस्त्रक्रिया फसल्याचं लक्षण वाटलं आणि त्या एकदा घाबरून आल्या. व्रणाच्या आसपास सुया लावलेल्या नाहीत. सध्या पुरण मावशी शिजवतात आणि वाटतात, हातावर पोळी वाढवायचं काम सुनेकडे आहे. सुनेची पोळी अजून कोपरापर्यंत पोचत नाही, मधेच फाटते.

डाव्या हाताची फेरतपासणी जानेवारीत आहे. त्या तारखेसमोर चिकित्सकांनी आत्ताच लिहून ठेवलं आहे: सकाळची गाडी, हात गार असणार, कोमट पाणी, थर्मामीटर.